कॅबिनेटच्या पोटातल्या वायरी

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये माझं आर्केड कॅबिनेट, म्हणजे पार्लरमध्ये असायचं तसं व्हिडिओ गेमचं उभं मशीन, ठेवायचं असं मीटिंगमध्ये ठरलं तेव्हा मला जाम आनंद झाला होता. दोन वर्षं ते घरात एका कोपऱ्यात उभं होतं आणि मी, माझी मुलगी आणि सुट्टीत येणारा भाऊ सोडला तर त्यावर कोणी खेळलं नव्हतं. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावरून चौघांनी मिळून जिन्याने उतरवलं, वळणावर जवळजवळ आडवं करावं लागलं, एकदा खालचा कोपरा पायरीवर जरा जोरात टेकला, पण बाहेरून एक ओरखडा नाही. हॉलमध्ये प्लग लावला, स्क्रीन उजळली, मुस्तफा नावाचा गेम सुरू झाला आणि पाच मिनिटांत पोरांची रांग लागली.

ज्यांचं लहानपण व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेलंय त्यांना मुस्तफा म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ सालचा. पण आपल्याकडे ते नाव कोणी घेतलंच नाही, त्यातल्या एका पात्राचं नाव मुस्तफा म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. रुपयाचं नाणं घट्ट मुठीत धरून उभं राहायचं आणि आपला नंबर यायची वाट बघायची, त्या मुठीला येणारा नाण्याचा वास मला अजून आठवतो. हे कॅबिनेट मी बनवलं ते त्याच्यासाठीच.

तर पहिला पोरगा व्यवस्थित खेळत होता, दुसरा शेजारी उभा राहिला, दुसऱ्या प्लेअरची जॉयस्टिक चालतेय, पहिलं बटण चालतंय, दुसरं चालतंय, पण तिसऱ्यापासून पुढे सगळं मेलेलं. मुस्तफाला दोनच बटणं लागतात, म्हणजे खरं तर खेळता यायला हवं होतं, पण माझ्या पॅनलवर सहा बटणांच्या पुढे स्टार्ट आणि कॉइनचं बटण आहे आणि ती दोन्ही बंद. म्हणजे दुसऱ्या पोराला गेममध्ये शिरताच येईना. मी मागचं दार उघडलं आणि आत हात घातला, आणि मला कुठली वायर कुठे जाते तेच कळेना. माझ्या हातांनी लावलेल्या वायरी होत्या त्या. सगळ्या एकाच करड्या रंगाच्या, एकमेकींत गुंतलेल्या, काही काळ्या टेपने प्लायला चिकटवलेल्या आणि ती टेपही उन्हाळ्यात डिंक पाघळून सुटलेली. मागे वीसेक पोरं उभी. त्या संध्याकाळी एकच प्लेअर चालला.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, भोसरीला पॅनल बोर्डाच्या वर्कशॉपमध्ये वायरमन म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. ते आरतीला आले होते, मागे येऊन आत डोकावले, मोबाइलचा टॉर्च मारला आणि एवढंच म्हणाले, "अरे, वायरिंग तुला कळतं तसं नाही करायचं, दुसरा उघडेल त्याला कळेल तसं करायचं." मग विसर्जन झाल्यावर पुढच्या रविवारी सकाळी स्वतःचं क्रिंपिंग टूल, म्हणजे वायरच्या टोकाला लग (जोडणीचं धातूचं टोक) दाबून बसवायची पकड, घेऊन घरी आले. पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं त्यांचं आहे आणि निम्मं मी नंतर चुकतमाकत शिकलो ते.

आधी बिघाड काय होता ते सांगतो, कारण घरी कॅबिनेट बनवणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हे होतं. बटणाखाली जो मायक्रोस्विच असतो त्याला तीन पाती असतात, कॉमन, नॉर्मली ओपन (बटण दाबल्यावर कॉमनला जोडलं जाणारं) आणि नॉर्मली क्लोज (एरवीच जोडलेलं). आपल्याला पहिल्या दोनच लागतात, चुकून तिसऱ्यावर वायर गेली तर बटण सतत दाबलेलंच राहतं. नॉर्मली ओपनची वायर प्रत्येक बटणाची वेगळी जाते एन्कोडर बोर्डाकडे, म्हणजे कुठलं बटण दाबलं ते कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सर्किटकडे, आणि कॉमन सगळ्यांची एकच, ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या सामाईक परतीच्या टोकाला. म्हणून लोक काय करतात, मीही तेच केलं होतं, एका बटणाच्या कॉमनवरून पुढच्याच्या कॉमनवर, तिथून त्याच्या पुढच्यावर अशी ग्राउंडची माळ ओवतात. वायर वाचते, दिसायलाही बरं. पण माळेचा दोरा एका जागी तुटला की पुढचे सगळे मणी गेले. माझ्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये तुटला होता.

तुटला का, हे काकांनी दोन मिनिटांत दाखवलं. ती वायर त्यांनी ब्लेडने हळूच खरवडली. वरून तांब्याचा रंग होता, खरवडल्यावर आतून पांढरी. अ‍ॅल्युमिनियमची वायर, वरती तांब्याचा नुसता मुलामा. दुकानात मी तांब्याची द्या म्हणून मागितली होती आणि तांब्याची म्हणूनच मिळाली होती, पैसेही तेवढेच दिले होते. ही वायर लग दाबतो तिथे दोनचार वेळा वाकली की तुटते, आणि वरचं प्लास्टिक शाबूत असल्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. मला याचा खरंच राग आला, कारण बटणाला मिलिअँप चालतात म्हणून फक्त खेळ बंद पडला, हीच वायर कोणी घरात गिझरला लावली तर? तेव्हापासून मी वायर घेताना दुकानातच टोक सोलून एक तार नखाने खरवडतो, दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल.

दुसरी चूक लगची. मायक्रोस्विचची पाती ४.८ एमएमची असतात, सान्वा या जपानी कंपनीच्या बटणांची तर २.८ एमएम. आपल्याकडे कुठेही सहज मिळतो तो गाडीच्या वायरिंगचा ६.३ एमएमचा चपटा मादी लग. मी तोच आणला होता आणि पकडीने चेपून घट्ट केला होता. बसतो, तेव्हा घट्टही वाटतो, पण जिन्यावरून तीन मजले हलला की ढिला. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ४.८ चे लग मागितले तर मिळतात, फक्त माप तोंडाने सांगू नका, एक मायक्रोस्विच खिशात घेऊन जा आणि काउंटरवर बसवून बघा.

क्रिंपिंगबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण सगळा खेळ इथेच आहे. साध्या पकडीने दाबलेला लग आणि रॅचेटवाल्या टूलने दाबलेला लग यात जमीन-अस्मानाचा फरक. रॅचेटवालं टूल पूर्ण दाब बसल्याशिवाय सुटतच नाही, मध्येच हात सैल केला तरी जबडा धरून ठेवतं, त्यामुळे पहिला लग आणि शंभरावा लग सारखाच दाबला जातो. वायरचं टोक पाच-सहा एमएमच सोलायचं, सोलताना एकही तार कापली जाता कामा नये, तारा बोटांत एकदाच पिळायच्या. लाल बाहीचा लग अर्धा ते दीड स्क्वेअर एमएम वायरसाठी असतो, वायर त्याहून बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करून घालायचं नाहीतर तो धरत नाही. बाहीच्या लगला दोन दाब लागतात, एक तांब्यावर आणि एक वायरच्या प्लास्टिकवर, दुसरा विसरलात तर सगळा ताण तांब्याच्या तारांवर येतो. आणि मग काका करतात ते. प्रत्येक लग डाव्या हाताच्या चिमटीत, वायर उजव्या हातात, आणि एक सरळ ओढ. झटका नाही, ओढ, मनात तीन म्हणेपर्यंत. माझे पहिले चार लग हातात आले. पाचव्यापासून आले नाहीत, आणि मला पहिल्यांदा कळलं की बरोबर बसलेला लग हाताला कसा लागतो, तो वायरचाच भाग झालेला असतो.

वायर मी अर्धा स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड, म्हणजे अनेक बारीक तारांची, घेतली. करंटच्या हिशोबाने याच्या पाव जाडीचीही चालली असती, पण जाडी करंटसाठी नाही, ओढाताण सोसायला हवी म्हणून. रंग ठरवले, काळा फक्त आणि फक्त ग्राउंड, पहिल्या प्लेअरचं सगळं पिवळं, दुसऱ्याचं निळं, १२ व्होल्टचा प्लस लाल. आणि २३० व्होल्टसाठी वेगळी तीन कोअरची गोल केबल, तिचा रंग आणि इतरांचा रंग एकत्र कुठे येतच नाही कारण ती दुसऱ्याच बाजूने जाते. ते पुढे सांगतो.

मोजणी केली तर दोन जॉयस्टिकचे आठ स्विच आणि सोळा बटणं, म्हणजे चोवीस स्विच, वायर लावायची अठ्ठेचाळीस पाती. नंबर टाकल्याशिवाय हे सांभाळणं शक्यच नाही. पॅनलवाले लोक वायरवर नंबराच्या छोट्या पिवळ्या नळ्या ओवतात, त्याला ते फेरूल म्हणतात, आकडा एकेक सुटा मिळतो. सिग्नलला १ ते २४, ग्राउंडला सगळीकडे ०, आणि महत्त्वाचं म्हणजे नंबर दोन्ही टोकांना. लग दाबायच्या आधी ओवायची आठवण ठेवा, नंतर ती नळी लगवरून जात नाही, माझे तीन लग कापून परत करावे लागले. आकडा वाचायची दिशाही एकच ठेवायची म्हणाले काका, ६ आणि ९ मध्ये घोळ होतो.

आता ग्राउंडची माळ. माळ चालेल, पण काकांनी तिचं शेवटचं टोक उचललं आणि परत बोर्डाच्या ग्राउंडला आणून जोडलं. म्हणजे माळ गोल झाली. आता एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने सगळ्यांना ग्राउंड मिळतो, एकही बटण बंद पडत नाही. एवढी सोपी गोष्ट, दीड फूट वायर, आणि गणपतीतली ती संध्याकाळ वाचली असती. फक्त एक लक्षात ठेवायचं, एक तुटलेलं आता दिसणार नाही, दुसरं तुटल्यावरच कळेल, म्हणून मी सहा महिन्यांनी एकदा बोर्डावरचं एक टोक काढून मल्टिमीटर बीपवर (जोडणी असेल तर वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून गोल पूर्ण आहे का बघतो. आणि स्वस्तातले झीरो डिले नावाने मिळणारे एन्कोडर वापरणाऱ्यांनी माळ करायच्या आधी मल्टिमीटरने तपासा की त्या बोर्डावर सगळ्या बटणांच्या सॉकेटमधली कॉमन पिन खरंच आतून एकमेकांना जोडलेली आहे का. बीप आला तरच माळ, नाही आला तर त्याच्याबरोबर आलेल्या दोन-दोन वायरीच वापरा.

सगळ्यात मोठा बदल मात्र एन्कोडर बोर्डाच्या जागेचा. आधी दोन्ही बोर्ड खाली तळाला होते, रास्पबेरी पाय या गेम चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या शेजारी, त्यामुळे सगळीच्या सगळी वायर कंट्रोल पॅनलमधून खाली लोंबत यायची आणि पॅनल उघडलं की सगळ्यांना हिसका. आता बोर्ड कंट्रोल पॅनलच्याच खालच्या अंगाला स्क्रूने बसवलेत, वायरी सगळ्या पॅनलवरच सुरू होतात आणि पॅनलवरच संपतात, बिजागरी ओलांडून जातात त्या फक्त दोन यूएसबी केबल. त्या दोन काढल्या की अख्खं पॅनल टेबलावर नेऊन उजेडात काम करता येतं. जिथे हलतं तिथून कमीत कमी वायरी न्यायच्या, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. त्या दोन केबललाही फूटभर ढील ठेवलाय, आणि ढील बिजागरीला आडवा नाही तर बिजागरीच्या लांबीला समांतर, दोन्ही टोकांना क्लिप आणि मधल्या भागावर स्पायरल, म्हणजे गुंडाळायची प्लास्टिकची पट्टी. दार उघडताना केबल वाकत नाही, नुसती पिळली जाते. लिफ्टच्या किंवा कुठल्याही मोठ्या कंट्रोल पॅनलच्या दाराजवळ बघा, तिथेही असंच केलेलं सापडेल.

हे सगळं करताना जुन्या खऱ्या मशिन्सबद्दल आदर फार वाढला. १९८५ मध्ये जपानमधल्या आर्केड बनवणाऱ्यांच्या संघटनेने जॅमा नावाचं स्टँडर्ड आणलं, ५६ पिनांचा एक कनेक्टर, अठ्ठावीस एका बाजूला आणि अठ्ठावीस दुसऱ्या, त्यात पॉवर, व्हिडिओ, स्पीकर, दोन्ही प्लेअरची बटणं, कॉइन, सगळं. पार्लरवाला मागचं दार उघडून एक बोर्ड उपसायचा, दुसरा खोचायचा, गेम बदलला. वायरीला हातही लावायचा नाही. त्यात एका प्लेअरला तीनच बटणं धरलेली होती म्हणून स्ट्रीट फायटर टूला उरलेल्या तीन बटणांची वायरिंग बोर्डावर वेगळी जोडायला लागायची. आपण लहानपणी जे मशीन दिवसभर बुक्के मारून खेळायचो ते चालत राहायचं याचं बरंचसं श्रेय त्या नीट बांधलेल्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, आहे असं मला मनापासून वाटतं.

बांधणीचं सांगायचं तर खाचांची पीव्हीसी वायर डक्ट आणली, २५ बाय २५ ची, दोन मीटरची पट्टी मिळते, करवतीने हवी तशी कापायची आणि प्लायला स्क्रू मारायचे. वायर आत टाकायची, जिथे बाहेर यायची तिथल्या खाचेतून काढायची, वरून झाकण. डक्ट निम्मीच भरायची, पुढे काहीतरी वाढणारच असतं. जिथे डक्ट जात नाही तिथे केबल टाय, पण टायचा जो चिकटपट्टीवाला बेस मिळतो तो प्लायवर टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये हमखास सुटतो, त्याच्या मधल्या भोकातून एक बारका स्क्रू मारायचाच. काकांची पद्धत अशी की आधी सगळं साध्या दोऱ्याने बांधायचं, चालवून बघायचं, चारदा बदलायचं, आणि टाय अगदी शेवटी. टाय फार करकचून ओढायचा नाही आणि शेपूट मुळाशी सपाट कापायचं, तिरकं कापलं तर पुढच्या वेळी आत घातलेला हात रक्ताळतो. प्रत्येक वायरचा पहिला टाय लगपासून चार बोटांवर, म्हणजे कुठेही ओढ बसली तर ती टायवर बसते, लगपर्यंत पोचत नाही.

२३० व्होल्टच्या बाबतीत हात जोडून सांगतो, हयगय करू नका. मागे फ्यूज आणि स्विच असलेला तीन पिनचा सॉकेट बसवलाय, फेज फ्यूजमधून आणि स्विचमधून जातो, अर्थिंगची हिरवी वायर एसएमपीएसच्या (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या सप्लायच्या) पत्र्याच्या बॉडीला रिंग लगने, दातेरी वॉशर घालून. जाळीवाल्या एसएमपीएसच्या टर्मिनलचे स्क्रू उघडे असतात आणि त्यांवर २३० व्होल्ट असतात, आत वाकलेल्या माणसाचा कोपर बरोबर तिथेच लागतो, त्यावर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा झाकण म्हणून स्क्रूने लावलाय. सॉकेटमागच्या प्रत्येक लगवर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी. ही सगळी लाइन कॅबिनेटच्या डाव्या भिंतीने जाते आणि बाकी सगळं उजव्या, जिथे ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात. घरात छोटी मुलं असतील तर मागच्या दाराला कुलूप लावा. आणि आत हात घालायचा तर नुसता स्विच बंद नाही, प्लग भिंतीतून बाहेर काढायचा आणि थोडं थांबायचं, एसएमपीएसचे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. जुना पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर मला फार आवडतो पण त्यात वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो, म्हणून मी १९ इंची जुना चौकोनी एलसीडी घेतला.

एसएमपीएस १२ व्होल्ट ५ अँपचा आहे आणि वरच्या पाटीच्या एलईडी पट्टीला अँपसुद्धा लागत नाही. म्हणून तिच्या वायरला सुरुवातीलाच २ अँपचा काचेचा फ्यूज टाकलाय, नाहीतर वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर एसएमपीएस बिनतक्रार पाच अँप देत राहतो आणि बारीक वायर तापते. प्लायच्या पेटीत ही जोखीम नको.

आवाजाची घरघर हाही वायरिंगचाच प्रश्न निघाला. स्पीकरमध्ये सतत एक गुणगुण होती, मला वाटायचं अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तातला आहे, पीएएम८४०३ चा इवलासा बोर्ड, म्हणून असेल. ऑडिओची केबल मी २३० व्होल्टच्या लाइनच्या टायमध्येच बांधली होती. ती काढून उजव्या भिंतीने नेली, गुणगुण जवळजवळ गेली. या बोर्डाबद्दल अजून एक, त्याच्या दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र करायचे नाहीत आणि ग्राउंडलाही लावायचे नाहीत, दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, चारही वायरी वेगळ्या न्यायच्या. आणि स्क्रीनवर कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसत असेल तर पायला व्होल्टेज कमी पडतंय, ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ते येतं. मी दोन मीटरची बारीक केबल गुंडाळून टायने बांधून ठेवली होती, तिच्यातच सगळं व्होल्टेज पडत होतं. पायचा स्वतःचा अ‍ॅडाप्टर जवळच बसवला, चिन्ह परत दिसलं नाही.

पाय तापतो म्हणून वरती आणि खाली हवेची भोकं ठेवलीत, पण खालच्या भोकांना आतून बारीक जाळी मारली आहे. उंदराला पीव्हीसी आवडतं. पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं म्हणून लग कलई केलेले घेतले, आणि कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर साधे पितळी लग घेऊच नका.

मागच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलाय, नंबर, रंग, कुठून कुठे, फ्यूज किती अँपचा, मुलीने स्वच्छ अक्षरात लिहून दिला आणि वरून सेलोटेप मारली. काका परवा आले होते, त्यांनी दार उघडून कागद वाचला, १७ नंबरची वायर दोन बोटांनी धरून बोर्डापासून बटणापर्यंत नेली, ओढून बघितली, आणि कॉइन डोअरच्या, म्हणजे नाणं टाकायच्या दाराच्या, दिव्याकडे बोट दाखवलं. तो एकटाच अजून जुन्या करड्या वायरवर आणि काळ्या टेपवर आहे. या रविवारी तोही काढतोय, लाल-काळी वायर आणि दोन लग आणून ठेवलेत.